‘स्वच्छ’ची कचरासेवा: एका सोसायटीच्या खजिनदाराचा अभिप्राय

बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या सोसायटीचे खजिनदारपद माझ्याकडे आले; ते दुसऱ्या कोणालाच नको होते, हे त्यामागचे खरे कारण. ४८ सदनिकांच्या या इमारतीत लिफ्टची देखभाल, पाण्याचा पंप, रखवालदाराचा पगार असे मोठे खर्च वार्षिक सभा चर्चेवाचून मंजूर करते आणि अर्धा तास घालवते तो कचऱ्याच्या शुल्कावर. ‘एवढ्याशा कामाला एवढे पैसे कशाला?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा त्या शुल्काहून महाग असलेल्या कॉफीचा पेला असतो. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सेवेवर लिहायला बसलो तो या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या भाषेत द्यावे म्हणून. लिहिताना लक्षात आले की एरवी अभिप्रायात ग्राहक सेवेला गुण देतो. या सेवेत ग्राहकालाही गुण द्यावे लागतात, कारण तिच्या उत्पन्नाचा एक भाग ग्राहकाच्या स्वयंपाकघरातच तयार होतो किंवा तेथेच वाया जातो.

संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय तिचे आर्थिक गणित कळत नाही. पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठात निरंतर शिक्षणाचे काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांनी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर केलेल्या कामातून आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळातून ती उभी राहिली. सभासदांमध्ये बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया होत्या, आणि त्यांतील अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली होती. संघटनेने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. रस्त्यावर पोते घेऊन फिरणाऱ्या बाईकडे चोर म्हणून नव्हे तर कामगार म्हणून पाहिले जावे, एवढाच तिचा अर्थ. महापालिकेने ती ओळखपत्रे मान्य केली आणि पुढे २००२-०३ मध्ये नोंदणीकृत कचरावेचकांसाठी वैद्यकीय विम्याची योजनाही सुरू केली.

खरा पेच २००० साली आला. त्या वर्षीच्या केंद्र सरकारच्या घनकचरा नियमांनी नगरपालिकांवर दारोदार कचरा गोळा करण्याची जबाबदारी टाकली. शहराच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट होती. पण कचराकुंड्या उठल्या आणि घरातला कचरा थेट ठेकेदाराच्या गाडीत गेला, तर कुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या हजारो बायकांचा कच्चा मालच बंद होणार होता. संघटनेने यावर शोधलेला मार्ग मला व्यवसाय म्हणून फार चतुर वाटतो: कुंडीजवळ थांबण्याऐवजी दारापर्यंत जायचे, सेवा द्यायची, तिचे शुल्क घ्यायचे आणि भंगारावरचा हक्कही राखायचा. या कल्पनेचा प्रयोग करून २००७ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज संस्थेचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद शहरभर काम करतात.

आता सेवेविषयी. आमच्याकडे दोन जणी येतात, सासू आणि सून. सकाळी आठच्या सुमारास ढकलगाडी फाटकाशी लागते, एक जण वरच्या मजल्यापासून खाली येते, दुसरी तळाशी बादल्या रिकाम्या करते, आणि पाऊण तासात इमारत उरकते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा आणि सॅनिटरी पॅड, डायपर वगैरे तिसरे. त्यानंतर ज्या कामाचे पैसे आपण देत नाही आणि जे आपल्याला दिसतही नाही, ते सुरू होते: सुक्या कचऱ्याची हाताने निवड. पुठ्ठा, पांढरा कागद, रंगीत कागद, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, बाटल्यांची झाकणे, औषधांच्या गोळ्यांची पाकिटे, काच, पत्रा अशा कितीतरी वाटण्या होतात, आणि प्रत्येक वाटणीला भंगाराच्या दुकानात वेगळा भाव असतो. उरलेले, म्हणजे ज्याला कोणीच भाव देत नाही ते, महापालिकेच्या गाडीकडे सोपवले जाते. सोसायटीतील मुले ‘कचरावाली आली’ असे ओरडत असत. मोठ्या मावशींनी एकदा शांतपणे सांगितले, “बाळा, कचरावाले तुम्ही, आम्ही साफवाल्या,” तेव्हापासून निदान माझा नातू तरी ‘मावशी आल्या’ असे म्हणतो.

दराचा विचार करू. सुरुवातीच्या काळात घरटी १० ते ३० रुपये महिना असे शुल्क होते. नंतर ते टप्प्याटप्प्याने वाढत गेले. हिशेबाच्या सोयीसाठी घरटी ७० रुपये धरले, तर दिवसाला अडीच रुपयांपेक्षाही कमी पडतात. एवढ्या पैशात कटिंग चहाही मिळत नाही. पण खजिनदाराने दर पाहून थांबू नये, वसुलीही पाहावी. दोघींची एक जोडी मिळून साधारण ३०० घरे सांभाळते असे समजा. सर्व घरांनी पैसे दिले तर महिन्याला २१,००० रुपये जमतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला साडेदहा हजार येतात. त्यांतील ६० घरांनी ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ असे म्हटले, की ४,२०० रुपये गळतात आणि प्रत्येकीचे उत्पन्न २,१०० रुपयांनी खाली येते. कचरा मात्र त्या ६० घरांतूनही उचललाच जातो, कारण जिन्यात पडलेली पिशवी थकबाकीदाराची की नियमित सभासदाची, हे त्या पिशवीवर लिहिलेले नसते. बँकेत आम्ही वीस टक्के थकबाकीला काय म्हणत असू ते येथे लिहीत नाही. पण वीस टक्के थकबाकी असलेला कोणताही धंदा मी कर्जासाठी पुढे पाठवला नसता, आणि अशी संस्था बुडालीच तर ती सभासदांच्या कामामुळे नव्हे तर अशा सबबींमुळे बुडेल, एवढे त्या आकड्यांवरून कोणालाही कळावे.

शुल्क सभासद स्वतः गोळा करतात आणि ते मुख्यतः त्यांच्याकडेच राहते. त्यातला छोटा वाटा संस्थेकडे जातो. समन्वयक, देखरेख, तक्रारनिवारण, हातमोजे, ढकलगाड्या यांच्या खर्चाचा भार करारानुसार महापालिकेने उचलायचा असतो. म्हणजे या संस्थेला उत्पन्नाचे तीन झरे आहेत: घरटी शुल्क, भंगाराची विक्री आणि पालिकेचा व्यवस्थापनखर्च. सामाजिक उद्योगाने स्वतःच्या पायावर उभे राहावे असे आपण म्हणतो तेव्हा अनुदान नको, असा त्याचा सरधोपट अर्थ लावला जातो. मला तो येथे लागू करणे अन्यायाचे वाटते. कचरा उचलणे हे कायद्याने पालिकेचेच काम आहे. तेच काम ठेकेदाराने केले असते तर त्याचे बिल कोणी अनुदान म्हटले नसते. काम तेच, पण बाईने केले की त्याला मदत म्हणायचे, ही भाषेची चलाखी हिशेबाच्या वहीत चालत नाही.

यांतला दुसरा झरा, म्हणजे भंगाराची विक्री, बेभरवशाचा आहे. भंगाराचा भाव पेठेतला दुकानदार ठरवत नाही. कच्च्या तेलाचा भाव उतरला की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही, कागदगिरण्यांची मागणी घटली की रद्दी पडते. या चढउतारांचा धक्का सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे निवडणाऱ्या बाईवर येऊन आदळतो. भंगाराच्या दुकानातला काटा हा आणखी वेगळा विषय. वजनात मारले जाऊ नये म्हणून कचरावेचकांच्या संघटनेने स्वतःचे भंगाराचे दुकान चालवले, सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी पतसंस्था काढली. एखादा छोटा उद्योग वाढवायचा म्हणजे त्याला भांडवल द्यायचे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात त्याच्या गळत्या बुजवणे हेच पहिले भांडवल असते, आणि काटा व व्याज या दोन गळत्या बुजवण्यात या बायका आपल्यातील कित्येक शिकलेल्या व्यावसायिकांच्या पुढे आहेत.

आता ग्राहकाचे गुण, म्हणजे आमचे. सुक्या कचऱ्यात आमटी सांडली की पुठ्ठ्याचा भाव जातो; बाटलीत दही राहिले की बाटली जाते; आणि ओला-सुका एकत्र बांधलेली एक पिशवी उघडून निवडायला जो वेळ लागतो त्यात स्वच्छ सुक्या कचऱ्याच्या चार पिशव्या निवडून होतात. याचा अर्थ असा की नीट वेगळा करून दिलेला कचरा ही शुल्काव्यतिरिक्त दिलेली रक्कमच आहे आणि मिसळून दिलेला कचरा ही शुल्कातून केलेली कपात आहे. मला हे समजायला तीन वर्षे लागली. आम्ही दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापून टाकत असू. मावशी म्हणाल्या, “काका, कोपरा पार तोडू नका, नुसती चीर द्या. तो तुकडा आम्हाला गावत नाही आणि विकतही येत नाही.” एवढ्या बारीक तुकड्यांचा विचार पर्यावरणावरच्या एकाही व्याख्यानात मी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात पिशवी चिरली जाते, विसळून ओट्याच्या कडेला वाळत पडते आणि सौभाग्यवती मला ‘भंगारवाले’ म्हणतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. चांगल्या भावाची रद्दी आपण स्वतः रद्दीवाल्याला विकतो, काचेच्या बाटल्या वेगळ्या काढतो, आणि ज्याला काहीच किंमत नाही ते कचरावेचकाच्या बादलीत टाकून ‘भंगारातून त्यांना भरपूर मिळते’ असा निष्कर्ष काढतो. हल्ली घरपोच मालामुळे पुठ्ठ्याची खोकी रोज येतात आणि सुक्या कचऱ्यात खरा भाव त्यांनाच असतो. पण आमच्याकडे ती मावशी येण्याआधीच रखवालदार काढून ठेवतो. त्याचाही पगार काही फार मोठा नाही, त्यामुळे त्याला दोष देणे मला जड जाते. तरीही शुल्क ठरवताना ‘पुठ्ठा त्यांचा’ असे गृहीत धरायचे आणि पुठ्ठा दुसऱ्याला द्यायचा, ही नोंद जमाखर्चाच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

चिप्स, बिस्किटे, शाम्पू यांच्या चकचकीत पुड्यांचा प्रश्न मात्र ग्राहकाच्या हातात नाही. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेले हे वेष्टन वेगळे करता येत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही, आणि वजनाने इतके हलके की ते गोळा करण्याची मजुरीही सुटत नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा वेष्टनाची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. कागदावरची ही जबाबदारी रोख रकमेच्या रूपाने कचरा गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचली, तर सामाजिक उद्योगाला लागणारे चौथे उत्पन्न येथेच आहे. सॅनिटरी पॅडच्या बाबतीत तर सभासदांनी ही मागणी फार आधी केली होती; २०१३ मध्ये वापरलेली पॅड उत्पादक कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीम त्यांनी राबवली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. जी वस्तू नुसती डब्यात पाठवल्याने एवढी किळस येते ती रोज उघड्या हाताने वेगळी करणाऱ्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या मोहिमेने न बोलता विचारला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हा त्यावरचा साधा उपाय. एक स्केचपेन आणि जुना कागद एवढाच त्याचा खर्च.

याच गरजेतून तयार झालेली जुन्या वर्तमानपत्राची ‘एसटी डिस्पो’ पिशवी हे संस्थेचे उत्पादनही मी वापरून पाहिले आहे, म्हणजे घरच्यांनी वापरले आहे. दिसायला साधी आहे, दोरीने तोंड बंद होते, आणि आत काय आहे ते उघडून पाहावे लागत नाही, यापलीकडे तिने काही करायचेही नाही. ती औषधांच्या दुकानांच्या काउंटरवर पॅडच्या पाकिटाशेजारी असायला हवी. उत्पादन चांगले असणे आणि ते गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल अशा जागी असणे या दोन निरनिराळ्या कला आहेत. १९५९ मध्ये गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसलेल्या ‘लिज्जत’च्या सात बायकांनीही पहिली पाकिटे भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानातूनच विकली होती. जुने कपडे, फर्निचर, बिघडलेली विजेची उपकरणे उचलणारी ‘व्ही-कलेक्ट’ ही जोडसेवाही अशीच. दिवाळीच्या आवराआवरीत आम्ही ती घेतली आणि माळ्यावरचा बंद पडलेला मिक्सर, दोन खुर्च्या आणि न जमलेल्या छंदांची बरीच सामग्री एका फेरीत गेली. ज्याला वाढ म्हणतात ती येथे आहे: ओळखीचे घर, विश्वास बसलेली माणसे, तीच गाडी आणि एक जादा सेवा.

तथापि पापडाच्या आणि या उद्योगाच्या तुलनेला एक मर्यादा आहे. पापड मुंबईत खपला नाही तर पुण्यात विकता येतो. ‘स्वच्छ’चा बाजार म्हणजे एकच शहर, आणि त्या बाजाराच्या फाटकावर एकच द्वारपाल, महापालिका. डिसेंबर २०२० मध्ये करार संपल्यावर संस्था काही काळ छोट्या छोट्या मुदतवाढींवर चालली आणि तिच्या जागी ठेकेदार आणण्याची चर्चा उघडपणे होत राहिली. करोनाच्या टाळेबंदीत आपण सारे दारे लावून आत बसलो असताना याच बायका जिने चढत होत्या, हे लक्षात घेतले तर त्या चर्चेचा मुहूर्तही विलक्षणच म्हणायचा. भावना बाजूला ठेवून केवळ कर्ज देणाऱ्याच्या नजरेने पाहतो: ज्याच्या हातात दोन-तीन महिन्यांचा करार आहे त्याला विजेवर चालणारी गाडी घेण्यासाठी पाच वर्षांचे कर्ज कोण देईल? संस्थेला अनुदानाने जे मिळणार नाही ते लांब मुदतीच्या कराराने आणि वेळेवर चुकत्या केलेल्या बिलांनी मिळेल. ठेकेदाराची यंत्रगाडी सारा कचरा दाबून एकजीव करते, तेव्हा त्यातले विकण्याजोगे सारे मरते आणि कचराडेपोकडे जाणारे वजन वाढते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी त्या डेपोपायी काय सोसले ते पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. हाताने निवडलेल्या कचऱ्यामुळे शहराचा जो वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो, तो संस्थेच्या ताळेबंदात कोठेही जमेला दिसत नाही. मला ती या व्यवस्थेतील सर्वांत मोठी चुकीची नोंद वाटते.

व्यवस्थेची कच्ची बाजूही सांगतो. एक जोडी आणि तिची ठरलेली घरे या रचनेमुळे आपुलकी निर्माण होते. पण तीच जोडी गावाला लग्नाला गेली किंवा एकीचे गुडघे बसले, तर पर्यायी मनुष्यबळाचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा याचे उत्तर या रचनेत सहज सापडत नाही. पगारी रजा ही चैन नसून सेवेच्या किमतीचा भाग आहे आणि ती शुल्कात धरली पाहिजे, असे माझे मत आहे. आमच्या सभेत हे मांडले तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. दुसरे असे की मजल्यावर मजले चढण्याचे हे काम पुढची पिढी करीलच असे नाही, आणि तिने ते करावे असा आग्रह धरणेही योग्य नाही; मावशींची नात बारावी झाली आहे आणि तिला नर्सिंगला जायचे आहे. त्यामुळे ढकलगाडीच्या जागी चांगली गाडी, जमिनीवर बसून निवडण्याऐवजी टेबल आणि छप्पर असलेली शेड, हे बदल दयेपोटी नव्हे तर उद्या मनुष्यबळ मिळावे म्हणून लागणार आहेत.

ही सेवा कोणी घ्यावी, याचे उत्तर पुण्यापुरते सोपे आहे: ज्याच्या दारापर्यंत ती पोहोचते त्याने घ्यावी आणि पूर्ण शुल्क द्यावे. सोसायट्यांच्या खजिनदारांना माझे एवढेच सुचवणे आहे की शुल्क घरोघर मागायला लावू नका. देखभालखर्चाबरोबर ते एकरकमी जमा करून महिन्याच्या पाच तारखेच्या आत चुकते करा, आणि पावती फाइलला लावा. त्याने मावशींचे दोन दिवस वाचतात आणि थकबाकीदार कोण हे आपल्याला कळते, त्यांना नव्हे. शुल्कावर घासाघीस करायची असेल तर आधी लिफ्टच्या देखभाल करारावर करून पाहा.

सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण रजेच्या प्रश्नासाठी राखून ठेवला आहे. आमच्या सोसायटीला अडीच. यंदाच्या सभेत कचऱ्याचे शुल्क देखभालखर्चात धरण्याचा ठराव ३१ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला, लिफ्टशेजारी दोरीला बांधून लाल स्केचपेन लटकवण्यात आले आणि ते दुसऱ्याच दिवशी कोणीतरी पळवले. पुठ्ठा रखवालदाराचा की मावशींचा, हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलला आहे.